एक चकती की तीन? कंपनी, यवतेश्वर आणि कोकण एकाच सायकलवर

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. दीड वर्ष वापरलेली २९ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक आहे. पुढे पायडलपाशी ४२, ३४ आणि २४ दातांच्या तीन चकत्या, मागे आठ गिअरची ११-३२ कॅसेट, म्हणजे ११ ते ३२ दातांच्या आठ चक्रांचा संच. रोज एमआयडीसीत जाऊन-येऊन २२ किलोमीटर, रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कास, पावसाळा सरला की डोंगरातल्या पायवाटा. शिवाय येत्या डिसेंबरात कॅरिअरवर सामान लादून कुंभार्ली घाटातून उतरायचं आणि गुहागरपासून मालवणपर्यंत किनाऱ्याने जायचं. दुकानदार म्हणतो, तीन चकत्यांचा जमाना गेला. पुढे एकच ३२ ची चकती आणि मागे १०-५१ ची बारा गिअरची कॅसेट घ्या. खर्च सायकलीच्या निम्म्या किमतीएवढा. मित्र म्हणतो, पुढे दोन आणि मागे दहा. ‘सगळ्याला चालेल असं एकच गिअरिंग सांगा.’

मी पुण्यात वीसेक वर्षं सायकली दुरुस्त करतोय आणि तेवढीच वर्षं घाट चढतोय. त्यामुळे आधी एक गोष्ट कबूल करतो. तुमचं वजन, दम, गुडघे आणि सामान किती नेणार यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. तुम्ही वजन ७८ किलो लिहिलंय आणि ‘कासला पाय भरून येतात, पण उतरावं लागत नाही, सामान लादून अजून कधी गेलो नाही’ हेही लिहिलंय. तुमच्या अख्ख्या प्रश्नातलं हे वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं. चकत्या किती, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

आधी दुकानदाराचा हिशेब तपासू. गिअर म्हणजे साधा भागाकार: पुढचे दाते भागिले मागचे दाते. तुमचा सगळ्यात हलका गिअर २४ भागिले ३२, म्हणजे ०.७५. पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक पाऊण फेरा फिरतं. सगळ्यात जड ४२ भागिले ११, म्हणजे ३.८२. जड गिअर हलक्याच्या ५.१ पट. आता बारा गिअरची १०-५१ कॅसेट बघा. पुढे एकच चकती असल्याने पल्ला ठरतो फक्त मागून: ५१ भागिले १०, म्हणजे पुन्हा ५.१ पट. अर्धी सायकल विकत घेतल्याएवढे पैसे टाकून तुम्हाला तेवढाच पल्ला मिळतोय. फक्त तो थोडा खाली सरकलाय. ३२ ची चकती लावली तर हलका गिअर ०.६३ आणि जड ३.२. म्हणजे विकत काय घेतोय तर खालचा एक-दीड गिअर, आणि त्याच्या बदल्यात वरचा एक सोडतोय. हे वाईट आहे असं नाही, पण काय घेतोय ते कळून घ्यावं.

दुकानदार खोटं बोलतोय असंही नाही. माउंटन बाइकच्या पहिल्या पिढीने तीन चकत्यांचा क्रँक (पायडलचे दांडे आणि चकत्या यांचा जोड) टूरिंग सायकलींकडून उचलला. २०१२ साली सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने पुढे एक चकती आणि मागे अकरा गिअरची १०-४२ कॅसेट आणली, २०१६ मध्ये बारा गिअरची १०-५०, आणि मग सगळी बाजारपेठ तिकडे वळली. आता चांगल्या माउंटन बाइकवर पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, दिसतच नाही. पण तो बदल झाला जंगलातल्या खडबडीत पायवाटांसाठी. रोज एमआयडीसीची पाळी गाठणारा माणूस तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

माझी पद्धत अशी की गिअर नेहमी खालून ठरवायचे. वरचा गिअर कमी पडला तर उतारावर पाय थांबवून बसता येतं, नुकसान शून्य. खालचा कमी पडला तर एक तर उतरून ढकलावं लागतं, नाहीतर दात-ओठ खाऊन दाबावं लागतं आणि त्याचा हिशेब गुडघा लिहून ठेवतो. म्हणून पहिला प्रश्न: तुमच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट चढ कोणता, आणि तिथे तुम्ही किती वजनाचे असाल?

यवतेश्वर घ्या. बामणोलीची एसटी ज्या रस्त्याने जाते तो रस्ता सायकलसाठी अशक्य नसतो, हे सूत्र लक्षात ठेवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागातल्या रस्त्याला नेहमीचा चढ ५ टक्के, मर्यादा ६ आणि अपवाद म्हणून ७ टक्के धरलाय. फार तीव्र डोंगरातही अपवाद ८ वर थांबतो. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सात-आठ मीटर वर. जुन्या घाटांत वळणाच्या आतल्या बाजूला याहून जास्त लागतो, पण तो चार पायडलांचा खेळ.

तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून ९५ किलो धरू. तासभर टिकणारी ताकद १५० वॉट धरू. नियमित चालवणाऱ्या, पण शर्यतीत न उतरणाऱ्या माणसाला हा आकडा बरा. सात टक्क्यांवर तुमचा वेग येतो ताशी सातच्या आसपास. २९ च्या चाकाचा एक फेरा सुमारे २.३ मीटर. म्हणजे २४-३२ वर तुमचे पाय मिनिटाला ६८-६९ फेरे घालतात. हे उत्तम आहे. मी घाटात ६० च्या खाली जायचं नाही असा नियम पाळतो. ७० मिळाले तर गप्पा मारत चढता येतं. तुमचे पाय कासला का भरून येतात, तर मला शंका आहे की तुम्ही मधल्या ३४ च्या चकतीवरच चढताय. तिच्यावर मागे ३२ लावूनही फेरे पन्नासच्या खाली जातात. पुढची सगळ्यात लहान चकती म्हणजे कमीपणा, असं समजणारे माझ्याकडे आठवड्याला दोघे तरी येतात. त्यांच्या क्रँकवरची २४ ची चकती दुकानातून आली तशी नवी कोरी असते आणि ३४ ची शार्कच्या दातांसारखी झालेली. तुमची एकदा बघा.

आता कोकण. इथे लोक फसतात. सगळ्यांना भीती कुंभार्लीची, आंबा घाटाची, परतताना गगनबावड्याची. घाट लांब असतात, पण ट्रकसाठी बांधलेले असतात; लय सापडली की ते संपतात. दमवतो तो किनाऱ्याचा रस्ता. वर जांभ्या दगडाचा सपाट सडा, खाली खाडी. रस्ता सड्यावरून खाडीत उतरतो, फेरीबोट किंवा पूल ओलांडतो आणि समोरच्या सड्यावर परत चढतो. हे दिवसातून चार-पाच वेळा. गावातले आणि जेटीकडचे आतले रस्ते घाटाच्या मापाने आखलेले नसतात. पायवाट होती तिच्यावरच डांबर पडलंय. दहा-बारा टक्के तिथे रोजचे, कुठे कुठे त्याहून जास्त. तवसाळला बोटीत सायकल घालून जयगडला उतरलात की पुढे जे सुरू होतं ते, किंवा गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेचा चढ, ही त्याची नमुनेदार उदाहरणं.

माझ्या पहिल्या कोकणवारीत माझ्या सायकलला पुढे ३६ ची एकच चकती होती आणि मागे मोठी ३६ ची. म्हणजे हलका गिअर १.०. पुण्यात टेकड्यांवर ती झकास चालायची आणि मी त्याचा जरा दिमाखही मिरवायचो. दाभोळची बोट धोपाव्याला लागली, जेटी सोडून वर निघालो आणि दोनशे मीटरवर उतरलो. मागे वीस किलो सामान. डोक्यावर पाटी घेतलेली एक मावशी माझ्या शेजारून निघून गेली. मागे वळून म्हणाली, ‘सायकल असून चालतोस?’ उत्तर नव्हतं. त्या आठ दिवसांत मी किती किलोमीटर ढकललं ते मोजलं नाही, पण परत आल्यावर पहिलं काम चकती बदलण्याचं केलं.

तुमचा हिशेब करू. सामान १८ किलो धरलं तर एकूण ११३. सात टक्क्यांच्या घाटात २४-३२ वर फेरे येतात ५७. जरा कमी, पण चालतील. बारा टक्क्यांच्या चढावर मात्र १५० वॉटमध्ये वेग ताशी पावणेचारच्या आत जातो, आणि फेरे ३६. पाच मिनिटं जोर लावून २०० वॉट काढलेत तरी ४७-४८. इथे तुम्ही उतरणार. दुकानदाराचा ३२-५१ गिअर लावला तर तेवढ्याच जोरात ५७ च्या आसपास. म्हणजे त्याचं म्हणणं या एका जागी बरोबर आहे: तुम्हाला खाली थोडं आणखी हवंय.

थोडंच, हेही सांगतो. ताशी चारच्या खाली सायकलचा तोल सांभाळण्यात जास्त ताकद जाते, हँडल डावी-उजवीकडे नाचायला लागतं. चालण्याचा वेगही तेवढाच. त्यामुळे ०.६ च्या खालचे गिअर सामान लादलेल्या सायकलवर मला फारसे उपयोगी वाटत नाहीत. तिथे चालावं, पाठ मोकळी होते. आपल्या कामासाठी खालचं टोक ०.७ च्या आत आणि ०.६ च्या वर असं पकडू.

वरच्या टोकाकडे जाऊ. ४२-११ वर मिनिटाला ९० फेरे घातले तर तुम्ही ताशी ४७ ने जाता. साताऱ्यात सपाटीवर हे होणार नाही आणि उतारावर ४७ ने जाताना पायडल मारायची गरज नसते. एका चकतीचा ३२-१० तुम्हाला ३९-४० पर्यंत नेतो, तेवढं पुष्कळ. म्हणजे ‘एक चकती लावली तर वेग जाईल’ ही भीती तुमच्या बाबतीत खोटी. वेगळी गोष्ट मात्र खरी आहे. रोजच्या २२ किलोमीटरमध्ये तुम्ही २४-२५ च्या वेगाने, ७५-८० फेऱ्यांनी जाणार. मधल्या ३४ च्या चकतीवर तेव्हा मागे चेन १५ दातांवर असते, आणि ४२ वर घेतलीत तर १८ वर. एका ३२ च्या चकतीवर ती कायम १४ वर. वर्षाचे सहा हजार किलोमीटर एकाच लहान चक्रावर. दाते कमी म्हणजे प्रत्येक दातावर भार जास्त, चेन वाकतेही जास्त, आणि ते चक्र आधी झिजतं. बारा गिअरच्या कॅसेटमध्ये बहुतेक वेळा एक चक्र झिजलं म्हणून अख्खी कॅसेट बदलावी लागते, आणि तिच्या किमतीत तुमच्या आठ गिअरच्या कितीतरी कॅसेटी येतात.

‘पण बारा गिअर म्हणजे मधलं अंतर बारीक असेल ना?’ हे मला नेहमी विचारतात. नसतं. १०-५१ चे दाते असे: १०-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३३-३९-४५-५१. प्रत्येक पायरी १२ ते २० टक्क्यांची. तुमच्या ११-३२ चे: ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२. पायऱ्या १४ ते २० टक्क्यांच्या. जवळजवळ सारख्या. बाराची शिडी लांब असते एवढंच. चोवीस गिअरमध्ये पुष्कळसे एकमेकांवर येतात हेही खरं. खरे वेगळे चौदा-पंधराच. पण ते वाया गेले असं मी मानत नाही, कारण त्यामुळे शहरात दिवसभर पुढची चकती न बदलता राहता येतं.

मग एक चकती कुणी घ्यावी? ज्याची निम्म्याहून जास्त सायकल पायवाटेवर चालते त्याने, डोळे मिटून. दगडाधोंड्यांत चेन पडत नाही, कारण चकतीचे दाते एक जाड एक बारीक असतात आणि मागच्या डिरेलरला चेन ताणून धरणारा क्लच असतो. अचानक चढ आला की डाव्या हाताला काही करायचं नसतं. चिखलात पुढचा डिरेलर हा अडकण्याचा अड्डा असतो, तोच नसल्याने अर्धी कटकट संपते. तुम्ही ‘रोज टेकडीवर, आठवड्यातून एकदा रस्त्यावर’ असं लिहिलं असतंत तर हे उत्तर दोन ओळींत संपलं असतं. तुमचं प्रमाण उलटं आहे.

तेव्हाही बारा गिअर सांगितले नसते. १० दातांचं चक्र तुमच्या मागच्या चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) बसतच नाही. शिमानोच्या बारा गिअरच्या १०-५१ ला मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब, म्हणजे हबवरचा कॅसेट बसवायचा भाग, लागतो; तुमच्या सायकलला साधा एचजी प्रकारचा असणार. म्हणजे कॅसेट, चेन, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), डिरेलर, चकती आणि वर हब किंवा अख्खं मागचं चाक. दुकानदाराच्या आकड्यात हे धरलंय का ते विचाराच. एचजी हबवर बसणाऱ्या दहा गिअरच्या ११-४६ आणि ११-४८ कॅसेटी मिळतात. पुढे ३० आणि मागे ११-४८ लावलं तर हलका ०.६३, आणि वरच्या टोकाला ९० फेऱ्यांत ताशी ३४. टेकडीवाल्याला मी हेच देतो.

मित्राच्या ‘दोन आणि दहा’ बद्दल फार बोलत नाही. कल्पना चांगली आहे, मला स्वतःला आवडते. पण आहे त्या सायकलवर ती करायची तर दोन्ही शिफ्टर, दोन्ही डिरेलर, क्रँक, कॅसेट, चेन सगळं बदलतं आणि पदरात पडतं ते तुमच्या आत्ताच्यापेक्षा फारसं वेगळं नाही. नवी सायकल घेताना विचार करा.

इथवरचं गोळा करू. पल्ला तुमच्याकडे पुरेसा आहे. वरचं टोक गरजेपेक्षा जास्त आहे. खालचं टोक रिकाम्या सायकलला पुरतं, लादलेल्या सायकलला थोडं कमी पडतं. रोजचा वापर सपाटीवर आहे. म्हणजे काम फक्त खालच्या टोकाचं आहे, आणि त्यासाठी पुढची लहान चकती २४ ऐवजी २२ ची करायची. ४२-३२-२२ चा क्रँक आठ गिअरच्या सायकलींसाठी सहज मिळतो. हलका गिअर ०.६९ होतो. मागे ११-३२ च ठेवा.

पुढच्या २२ च्या जोडीला मागे ११-३४ ची कॅसेट लावून ०.६५ पर्यंत जाता येतं, दुकानदाराच्या गिअरच्या अगदी जवळ, तेही थोडक्या पैशांत. मग मी ती पहिल्यांदा का सांगत नाही? कारण आठ गिअरच्या ११-३४ ची शेवटची पायरी सहसा २६ वरून थेट ३४ असते. ३१ टक्क्यांची उडी. घाटात तुम्ही नेमके या दोन्हींच्या मधे असता: २६ जड वाटतो, ३४ वर पाय भरभर फिरून लय तुटते. ११-३२ मध्ये २८ आणि ३२ शेजारी आहेत, तासभराच्या चढाला ते फार सुखाचं. ३४ हा अडचणीत काढायचा गिअर. सामान वीस किलोच्या पुढे जाणार असेल किंवा गुडघा आधीच कुरकुरत असेल तर लावा, नाहीतर नको.

लावायची ठरलीच तर डिरेलरची क्षमता आधी बघा. पुढच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक अधिक मागचा फरक. ४२ वजा २२ म्हणजे २०, ३४ वजा ११ म्हणजे २३, एकूण ४३. सात-आठ गिअरच्या लांब पिंजऱ्याच्या बऱ्याच डिरेलरांची क्षमता ४३ आणि मोठ्यात मोठं चक्र ३४ असतं, म्हणजे अगदी काठावर बसतं. तुमच्या डिरेलरवरचा मॉडेल नंबर बघून खात्री करा. मोठी चकती आणि मोठं चक्र एकदम लागेल एवढी चेन लांब ठेवा. चेन आखूड असली आणि कुणी घाईत तो गिअर टाकला तर डिरेलर मोडतो, तो फ्रेमला ज्या पट्टीवर लटकतो तो हँगर वाकतो, आणि ही माझ्याकडे येणारी सगळ्यात महागडी ‘छोटीशी चूक’ आहे.

क्रँककडे आत्ताच बघून घ्या. चकत्या बोल्टांनी बसवल्यात की रिव्हेट मारल्यात? बोल्ट असतील आणि आतल्या चकतीच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ६४ मिलिमीटर असेल तर नुसती २२ ची चकती आणून काम भागेल. या किमतीच्या सायकलींवर बहुतेक वेळा रिव्हेट असतात. मग अख्खा क्रँक. जुना काढताना बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या) दांड्याचा प्रकार आणि लांबी मोजून घ्या. चौकोनी दांडा असेल तर नव्या क्रँकलाही तसलाच आणि त्याच लांबीच्या आसपासचा लागतो. नाहीतर पुढच्या चकत्या फ्रेमला घासतात किंवा बाहेर जातात, आणि पुढचा डिरेलर कितीही फिरवला तरी जुळत नाही. मोठी चकती ४२ चीच राहणार, त्यामुळे पुढच्या डिरेलरची उंची बदलायची नाही, फक्त आतल्या बाजूचा स्क्रू थोडा जुळवायचा. लहान चकतीवर चेन आतल्या बाजूला पडत असेल तर सीट-ट्यूबला अडकवायचा चेन-रक्षक मिळतो, अगदी स्वस्त. सामान लादलेल्या सायकलवर मी तो न विसरता लावतो. चढाच्या मध्यात पडलेली चेन परत बसवताना सामानासकट अख्खी सायकल एका हाताने पेलावी लागते.

तीन चकत्यांच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो गणिताबाहेरचा. गुहागर ते मालवण या पट्ट्यात आठ गिअरची चेन जोडू शकणारा सायकलवाला तुम्हाला बाजारपेठेच्या गावात भेटेल. आठची चेन सात मिलिमीटरच्या आसपास रुंद, बाराची सव्वापाच. आठची केबल थोडी सैल झाली तरी गिअर पडतात. बाराला हँगर किंचित वाकला तरी ती दिवसभर खडखडते. आणि कोकणातली तांबडी धूळ तेल लावलेल्या चेनवर बसली की तिचा घासकागद होतो. तिकडे रोज संध्याकाळी चेन फडक्याने पुसून मग थेंब-थेंब तेल, एवढं करा. निघण्याआधी स्टीलची पट्टी लावून चेन मोजा: २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) जास्त भरली की चेन बदलायची. नव्या चकतीवर जुनी ताणलेली चेन चढवू नका, ती नव्या दातांना आपल्या मापाचं करून टाकते. झोळीत टाका: एक जादा हँगर तुमच्याच फ्रेमचा, दोन चेनचे जोड, मागच्या गिअरची एक केबल. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तो वाटेत मिळणार नाही.

क्रँक विकत घेण्याआधी मात्र एक रविवार खर्च करा. पॅनिअरमध्ये (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांत) पाण्याच्या बाटल्या भरून १८ किलो करा आणि यवतेश्वर चढा. संपूर्ण घाट २४ च्या चकतीवर, लाज न बाळगता. फेरे मोजायला यंत्र लागत नाही: उजवा पाय पंधरा सेकंदांत किती वेळा खाली आला ते मोजा आणि चारने गुणा. मग गावात उतरून अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यासारखा एखादा आखूड, उभा चढ शोधून त्याच वजनाने चढा. घाटात पंधरा सेकंदांत चौदाच्या खाली गेलात, किंवा उभ्या चढावर उतरावं लागलं, तर २२ चा क्रँक घ्या. दोन्ही ठिकाणी बसून राहिलात तर काहीच बदलू नका, चेन आणि केबल नवी टाका, आणि उरलेले पैसे जयगडचा चढ संपल्यावर मालगुंडला मासे खायला ठेवा.